इंद्रायणीत सोनं नाही, पण सोनं धुणारे होते

मागच्या महिन्यात आमच्या आंबीच्या नदीकाठी तीन पोरं काहीतरी खटाटोप करताना दिसली. आधी वाटलं मासे धरतायत. जवळ गेलो तर त्यातला एक आमचाच पुतण्या. मला बघून जरा ओशाळला, मग छाती काढून म्हणाला, "काका, सोनं काढतोय."

हसू नका. पोरांनी केलेलं यंत्र खरंच बघण्यासारखं होतं. भंगारवाल्याकडून किलोवर आणलेला चार फुटी केबल ट्रे, त्याची भोकं पत्रा ठोकून बुजवलेली. तळाला दारातलं खाचाखाचांचं रबरी पायपुसणं कापून चिकटवलेलं. त्याच्यावर अल्युमिनियमच्या खिडकीच्या पट्ट्या आडव्या, बोटभर उंचीच्या. वरच्या टोकाला रंगाची रिकामी बादली, बुडाला भोकं पाडून केलेली चाळण. पाणी चढवायला जुन्या कूलरची मोटर, वीज मोटरसायकलच्या बॅटरीवर. ट्रेला उतार फुटाला साधारण एक इंच. हे सगळं मोबाईलवर बघून केलेलं, एकूण खर्च साडेतीनशे रुपये. (पायपुसण्याचे पैसे त्यात धरलेले नाहीत, ते आमच्या वहिनीचं.)

यामागचं तत्त्व साधं आहे. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, साधी वाळू अडीच-पावणेतीन पट. वाहत्या पाण्यात दोन्ही सोडलं की वाळू पुढे पळते, सोनं पट्टीच्या मागच्या भोवऱ्यात बसतं. कॉकेशसच्या डोंगरात लोक यासाठी मेंढीचं कातडं प्रवाहात पसरायचे, लोकरीत कण अडकायचे. ग्रीकांची सोनेरी लोकरीची कथा त्यावरूनच आली असं बरेच जण मानतात. म्हणजे वहिनीच्या पायपुसण्याची परंपरा तशी थोर आहे.

तर पोरांना काय मिळालं? तळाला चमचाभर काळीभोर जड रेती आणि तिच्यात चार पिवळे चमकते कण. रेतीला जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं तर बहुतेक सगळी उडी मारून चिकटली. हे मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातलं लोखंडाचं खनिज. पिवळे कण घेऊन तळेगावात ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी कसोटीवर घासलं, तेजाबाचा थेंब टाकला. फस्सकन् हिरवा फेस. पितळेचा कीस! कुठल्या तरी लेथवरून, कुठल्या तरी नाल्यातून नदीत आलेला. एमआयडीसीच्या शेजारी नदी असली की असंच सोनं सापडायचं.

आता मुद्दा. मावळात नदीचं सोनं मिळणार नाही, आणि त्याला कारण आहे. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून तुळापूरला भीमेला मिळेपर्यंत इंद्रायणी एकाच प्रकारच्या खडकावरून वाहते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, बेसाल्ट. त्यात सोनं असतं ते टनाला काही मिलिग्रॅम, म्हणजे नसल्यात जमा. महाराष्ट्रात सोन्याचा खडक आहे तो पार तिकडे पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यात. तो आपल्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना.

आणि त्या भागात सोनं धुणारी माणसं खरोखर होती. सोनझारी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ छापला, त्यात त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे. बालाघाट, मंडला, चांदा या भागातल्या नद्यांची वाळू धुणारा छोटासा समाज, तेव्हा मोजून दीड हजाराच्या आसपास. आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड' या नोंदीखाली जी लांबलचक नावं येतात, त्यात 'सोनझारी झारेका' आहे. यादीत नाव उरलं.

त्यांची हत्यारं विकत मिळणारी नव्हती. व्हॅलेंटाइन बॉल नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ १८६०-७०च्या दशकांत छोटा नागपूर, ओरिसाच्या जंगलांत हिंडला. तिथल्या झोरा लोकांची लाकडी परात त्याने मापं घेऊन नोंदवली: सव्वादोन-अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, खोली जेमतेम अडीच इंच. आणि खोलगट भाग बरोबर मध्यावर नाही, एका बाजूला सरकवलेला. परात हलवताना हलकी रेती उथळ बाजूने बाहेर जावी आणि जड माल खोल कोपऱ्यात राहावा म्हणून. आमच्या पोरांना मोबाईलवर जे शिकावं लागलं ते या माणसांच्या मनगटात होतं.

मग आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे झारेकरी होते.

हा शब्द आता तरुण पोरांना माहीत नाही. झारीतल्या शुक्राचार्यांशी त्याचा संबंध नाही. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, मुशीचे तुकडे विकत घेऊन ते धुऊन सोनं काढणारा. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कारागीर जातींची जी यादी आहे, तांबट, पटवेकरी, सोनार, तिच्यात झारेकरीही आहेत. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या मातीत सोन्याचा कण नाही तिथे सोनं धुण्यावर जगणारी एक अख्खी जमात होती. त्यांची खाण म्हणजे आपण. सोनार कानस चालवतो, उजाळा देतो, डाग लावतो, तेव्हा कण उडतात. ते कपड्यावर बसतात, सतरंजीत अडकतात, पावलांबरोबर उंबऱ्याबाहेर जातात, पाण्याबरोबर गटारात. जुनी पेढी पाडायची झाली की झारेकरी तिची जमीन उकरून नेत.

दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्यात सोन्या मारुतीच्या परिसरात मी एका बातमीसाठी फिरत होतो, तेव्हा या धंद्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणं झालं. फोटो काढू दिला नाही. त्यांचा सगळा सरंजाम एका पोत्यात मावत होता. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेलं पसरट घमेलं, त्याची एक कड मुद्दाम जास्त वाकवलेली. सायकलच्या स्पोकचा हूक, फरशीच्या सांध्यातली माती काढायला. दाढीच्या ब्रशला काठी बांधलेली. जुन्या धोतराचं फडकं. केर बघूनच बोली लावावी लागते, म्हणाले. वजन करून उपयोग नाही, कारण पैसे कचऱ्याला द्यायचे नसतात. अंदाज चुकला तर महिन्याची मेहनत सोनाराला फुकट.

फडकं कशाला, तर पाऱ्याला. धुऊन जो जड गाळ उरतो त्यात पारा घालून तो हाताने मळायचा. पारा सोन्याला धरतो. फडक्यातून पिळला की जादा पारा गळून जातो, आत लोण्यासारखा गोळा राहतो. तो तापवला की पारा उडून जातो. उडून जातो म्हणजे कुठे जातो? ज्या खोलीत पोरंबाळं झोपतात त्या खोलीत. मग राहिलेल्या मालातली चांदी-तांबं काढायला तेजाब. त्या गृहस्थांचे हात बोलताना सारखे थरथरत होते. मी वयामुळे समजलो. पाऱ्याने मज्जासंस्थेवर काय होतं हे नंतर वाचलं, तेव्हा परत शंका आली, पण तोवर भेटायला गेलो तर त्यांची खोली बंद होती.

जगभरात हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सगळ्यांत मोठा वाटा अशाच हातकामाने सोनं काढणाऱ्यांचा आहे, कारखान्यांचा नाही. त्याला आळा घालायला मिनामाता करार झाला, भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. कराराचा कागद झारेकऱ्याच्या खोलीपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न मी त्या काळात एका साहेबांना विचारला होता. त्यांनी मलाच विचारलं, झारेकरी म्हणजे कोण?

हीच गंमत आहे. सोनारांवर संकट आलं तेव्हा देशभर आवाज झाला. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी आणली, लाखो कारागिरांच्या हातचं काम गेलं, मोर्चे निघाले, १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा शेवटी १९९० साली रद्द झाला. सोनाराची कानस थांबली की झारेकऱ्याचा केर थांबणार, हे सांगायला पंचांगाची गरज नाही. पण त्यांचा मोर्चा कोणी पाहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. गटारात माणूस सफाईसाठी उतरवला तर २०१३चा कायदा आहे, ठेकेदार सापडतो, निदान गुन्हा नोंदवता येतो. जो स्वतःच सोन्याच्या कणांसाठी गटाराचं झाकण उचलतो त्याचा मालक कोण? विषारी वायू मात्र दोघांना सारखाच.

धंदा संपला असंही नाही, केर बदलला. खाणीतल्या टनभर दगडात पाच-सहा ग्रॅम सोनं असेल तर चांगली खाण म्हणतात. टनभर जुन्या मोबाईलमध्ये त्याच्या कित्येक पट असतं. ई-कचऱ्याचे नियम आहेत, २०२२चे नवे आहेत. आणि भंगाराच्या गोदामामागे सर्किट जाळून, तेजाबात बुडवून सोनं काढणारे हातही आहेत. नाकाला फडकं तेच.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "मग काका, सोनाराच्या दुकानामागची माती आणू का?" मी म्हटलं, आधी काठावर खणलेला खड्डा बुजव. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये जमिनीतलं खनिज सरकारचं आहे, आणि तलाठी आला तर पितळेचा कीस दाखवून सुटका होणार नाही.

खड्डा बुजवला. ट्रे गोठ्यात गव्हाण म्हणून लागला. पायपुसणं परत दारात आलंय, दोन तुकड्यांत. वहिनी अजून बोलतायत.