मर्यादेची खूण

मजकूर कोठे संपतो हे वाचणाऱ्यास कळले पाहिजे, ही जाणीव मराठी लेखनव्यवहारात जुनी आहे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उठवीत. मजकुराची सीमा तेथे ठरे. त्यापुढे कोणी काही वाढवू नये, हा तिचा हेतू. संगणकाच्या पडद्यावर मर्यादेची खूण स्क्रोलबार दाखवतो. पट्टीतील ठोकळ्याच्या लांबीवरून मजकुराचा विस्तार कळतो, त्याच्या जागेवरून आपण कोठवर आलो ते.

या पट्टीचे रूप पूर्वी संगणकप्रणालीच ठरवीत असे. २००० साली इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ ने ती रंगविण्याची मुभा पृष्ठ रचणाऱ्यास दिली. ठोकळा, बाण, छाया, प्रत्येकाला निराळा रंग! जांभळ्या-गुलाबी पट्ट्यांची ती हौस आम्हांस आठवते. पण हे गुणधर्म कधी प्रमाण ठरले नाहीत. २००९ मध्ये वेबकिटने स्वतःची वेगळी रीत आणली. तीत रंगाबरोबर जाडी आणि कोपऱ्यांची गोलाईही बदलता येई. २०११ मध्ये मॅक ओएस एक्स लायनने वेगळेच वळण घेतले: बोटांनी मजकूर सरकवताना तेवढी पट्टी दिसावी, एरवी लपावी.

पुढे डब्ल्यू३सीच्या मसुद्यात दोनच गुणधर्म उरले, रंग आणि रुंदी. फायरफॉक्सने ते डिसेंबर २०१८ मध्ये, क्रोमने जानेवारी २०२४ मध्ये स्वीकारले. रुंदीला पर्याय तीन: नेहमीची, बारीक किंवा मुळीच नाही. तिसऱ्या पर्यायात मजकूर सरकतो, खूण मात्र नाहीशी होते.

हा प्रश्न निव्वळ सजावटीचा नाही. पिंगळीहून रेल्वेने परभणीस येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवर अर्जाची सूचना वाचली. चौकटीत पट्टी दिसत नव्हती. शेवटची ओळ पडद्याच्या कडेशी नेमकी पूर्ण झाली होती. सूचना संपली असे तिने मानले. कागदपत्रांची अट खाली राहिली, आणि मुदत निघून गेली. चूक तिची, असे आम्हीही आधी म्हणालो. चौकट स्वतः पाहिल्यावर तसे म्हणवेना.

पट्टी रंगवावी, बारीक करावी; पण रंग पार्श्वभूमीत विरू नये, आणि मजकूर उरला असता खूण पुसू नये. मोर्तब लिहिणाऱ्यालाही बांधून घेत असे. पृष्ठ रचणाऱ्याने तेवढे बंधन पाळावे, इतकेच आमचे मागणे.