भाषा येत नाही, रात्र कुठं काढायची?



आषाढी जवळ आली की त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. राहुरी, नगर, मिरजगाव करत पुढं करमाळ्याच्या वाटेला लागते. तुमच्यातल्या कितीतरी जणी तिच्यात चालल्या असतील. त्या सांगतील, पाय सुजतात, पाऊस झोडपतो, अंघोळीची आणि संडासाची तर फारच आबाळ होते. पण रात्री कुठं पडायचं याचा घोर नसतो. मुक्काम ठरलेला, दिंडीची राहुटी ठरलेली, गावातली पंगत ठरलेली. आणि कुणाच्याही दारात जाऊन ‘बाई, जरा पाणी द्या’ म्हटलं की समोरचीला कळतं.

आता धरा, ही वाट महिन्याभराची नाही, जाऊन-येऊन कित्येक महिन्यांची आहे, आणि निम्म्या रस्त्यानंतर तुमचं बोलणं कुणाला उमगत नाही. रेल्वे येण्याआधी आपल्याकडची बाई काशीला निघायची तेव्हा असंच व्हायचं. परत येईल याची खात्री नसायची, म्हणून घरची निरवानिरव करून निघायचं. सुखरूप परतली की गंगापूजन करून गावाला जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. जाणाऱ्यांत विधवा बायका पुष्कळ असत. घरात मान नाही, अंगावर दागिना नाही, निदान काशी तरी पदरात पडावी म्हणून त्या निघत.

एकटीदुकटीनं कुणी जात नसे. संघ करून जायचं. नर्मदेच्या आसपास मराठी विरळ होत जायची आणि मग हाताच्या खुणा सुरू. काही शब्द जुळायचे, पाणी आणि पानी, चूल आणि चूल्हा. काही मात्र घात करायचे. आपण ज्याच्या भाकरी थापतो ते पीठ. तिकडं ‘पीठ’ म्हणजे आपली पाठ! वाण्याच्या दुकानात पीठ मागणाऱ्या बाईकडं तो बघतच राहणार. मोठ्या रस्त्यांवर सराया होत्या. तिथं खोली मिळे, भटियारी म्हणजे सराई चालवणारी बाई पैसे घेऊन रांधूनही देई. पण सोवळं पाळणारी बाई परक्या हातचं खात नसे. तिला छप्पर, पाणी आणि स्वतःची चूल मांडायला जागा, एवढं लागे.

आणि गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवायची सोय नव्हती. मध्य हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर 1830 च्या दशकापर्यंत ठगांचा सुळसुळाट होता. ते आधी वाटसरूंची ओळख काढत, सोबत करत, एकत्र मुक्काम करत आणि मग गळा आवळत. म्हणजे भाषा येणं एवढ्यानं भागत नव्हतं. खात्रीची जागा आधीपासून ठाऊक असणं जास्त मोलाचं होतं.

ही अडचण काही आपल्याच देशातली नाही. युरोपात स्पेन नावाचा देश आहे. तिथं सांतियागो गावी संत जेम्स यांची कबर आहे, आणि हजार वर्षांहून जास्त काळ लोक तिथं चालत जातात. फ्रान्सकडून येणाऱ्यांना वाटेत बास्क लोकांचा डोंगराळ मुलूख लागतो. त्यांची भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. बाराव्या शतकात या यात्रेकरूंसाठी लॅटिनमध्ये एक मार्गदर्शक लिहिला गेला. त्यात बास्क भाषेतले मोजके शब्द दिलेले आहेत. कुठले? देव, भाकरी, मासा, पाणी, घर, घराचा मालक. आणि घरधनीण. तिला ते ‘आंद्रेआ’ म्हणत. म्हणजे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं की रात्रीचा आसरा मागायचा तर हा शब्द यायलाच हवा.

आपल्याकडं असं शब्दांचं पुस्तक घेऊन कोण निघणार? निघणाऱ्या बाईला वाचताच येत नसे. तिच्यासाठी दुसरी सोय होती, क्षेत्रोपाध्यायाची. काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांनी गावं आणि घराणी वाटून घेतलेली असत. आपण गाव आणि आडनाव सांगायचं. तो बाड उघडायचा, पानं उलटायचा आणि आपल्या आजेसासऱ्यांचं नाव काढून दाखवायचा. परक्या मुलखात घरच्या माणसाचं नाव ऐकल्यावर बाईला काय वाटत असेल! मग राहायची जागा, शिधा, श्राद्धाची तयारी, सगळं तोच बघे. अर्थात फुकट नाही. दक्षिणेवरून रड असे, लुबाडणूकही होई. आणि त्या बाडात वंश चाले तो पुरुषांच्या नावानं. बाई लिहिली गेली तर अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून.

काशीत मराठी बोलणारी वस्तीही जुनी. पैठण म्हणजे आपल्या शेवगावपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या भट घराण्यातले रामेश्वरभट सोळाव्या शतकात काशीला जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायणभट यांनी काशी, प्रयाग आणि गया या तिन्ही क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. पैठणच्याच एकनाथ महाराजांनी आपलं भागवत 1573 साली काशीत पूर्ण केलं. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या भागात पुढं मराठी घरं वाढली. तिथवर पोचलेल्या बाईला निदान सुखदुःख बोलायला कुणी भेटे.

पण काशीला पोचेपर्यंतचं काय? तिथं आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक आठवते. 31 मे 1725 ला माणकोजी शिंद्यांच्या घरी अहिल्या जन्मली. नवरा खंडेराव 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव 1766 साली गेले, आणि 1767 पासून 1795 पर्यंत तिनं महेश्वराहून राज्य केलं. काशी विश्वेश्वराचं देऊळ तिनं 1780 साली पुन्हा उभं केलं, गयेला 1787 साली विष्णुपद मंदिर बांधलं, हे आपण शाळेत शिकतो. पण मला देवळांपेक्षा तिच्या धर्मशाळा मोठ्या वाटतात. केदारच्या वाटेपासून इकडं नाशिक, पंढरपूरपर्यंत तिनं धर्मशाळा, विहिरी, घाट, अन्नछत्रं उभारली. भिंती बांधून ती थांबली नाही. दिवाबत्ती, धान्य, माणसांचा पगार असा सालोसाल लागणारा खर्च नेमून दिला, आणि बराचसा आपल्या खासगीतून. माळव्यात आलेल्या माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 साली छापलेल्या पुस्तकात तिच्या माघारी ऐकलेल्या गोष्टी लिहिल्यात. उन्हाळ्यात रस्त्यावर वाटसरूंना पाणी पाजायला तिनं माणसं नेमली होती, हेही त्यात आहे. तहानलेल्या माणसाला पाणपोईवर काय बोलावं लागतं? ओंजळ पुढं केली की झालं.

आता एक कडू गोष्ट. धर्मशाळेचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. तिथं भाषा विचारत नसत, जात विचारत. बहुतेक धर्मशाळा कुठल्या ना कुठल्या जातीच्या, आणि ज्यांना अस्पृश्य म्हटलं गेलं त्यांनी उघड्यावर, वाळवंटात रात्र काढायची. बोली एक, देव एक, आणि तरी आसरा नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. हे देऊळ सर्वांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी एका परटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन आणि लोकांकडून वर्गणी जमवून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिकलाही धर्मशाळा बांधली. स्वतः मात्र त्या इमारतींत मालक म्हणून कधी राहिले नाहीत. चोखामेळा धर्मशाळा पुढं त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

1870 साली मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंत रेल्वे सलग झाली. 1878 साली दौंड-मनमाड मार्ग आला आणि नगरच्या बाईला घराजवळ गाडी मिळाली. महिन्यांची वाट दिवसांवर आली.

आणि मग आपल्याच जिल्ह्यात उलटं झालं. शिर्डी. साईबाबा तिथं आले तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कोते पाटलांच्या बायजाबाई भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन त्यांना रानात शोधत फिरत, असं सांगतात. बाहेरच्या भक्तांना उतरायला जागा नव्हती, म्हणून 1908 च्या सुमारास साठेवाडा झाला, पाठोपाठ दीक्षितवाडा. आज तिथं भक्तनिवास आहेत, दुकानांवर तेलुगू पाट्या आहेत, आणि मराठीचा शब्दही न येणाऱ्या बायका आंध्र-तेलंगणातून, तमिळनाडूतून येतात. मुंबईहून पालख्या घेऊन लोक चालत येतात ते वेगळेच. संगमनेर, कोपरगाव, राहात्याकडच्या मैत्रिणींना हे नवीन नाही. तेलुगूत पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणतात, आणि तमिळमध्ये ‘तण्णीर’. घरधनिणीला काय म्हणतात ते दारात आलेल्या बाईलाच विचारा.