डॉल्बेन, सर विल्यम

(१२ जानेवारी १७२७–२० मार्च १८१४). ब्रिटिश संसदपटू. गुलामांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या पहिल्या ब्रिटिश कायद्याचा प्रवर्तक. नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील फाइनडनच्या जमीनदार घराण्यात त्याचा जन्म झाला. यॉर्कचा आर्चबिशप जॉन डॉल्बेन हा त्याचा पणजोबा. वेस्टमिन्स्टर व ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर १७५६ मध्ये वडिलांच्या मृत्यूमुळे तो तिसरा बॅरोनेट झाला. १७६८ मध्ये त्याने संसदेत प्रवेश केला. १७७४ पर्यंत तो नॉर्थॅम्प्टनशरचा व १७८० ते १८०६ ऑक्सफर्ड विद्यापीठाचा प्रतिनिधी होता. विद्यापीठाच्या पदवीधरांना धर्मपीठाचा निष्ठावंत पाठीराखा हवा असे व डॉल्बेन तसा होता. मंत्रिपद त्याला मिळाले नाही. १७८८ चा उन्हाळा वगळला, तर त्याची कारकीर्द इतर अनेक ग्रामीण सरदारांसारखीच ठरली असती.

त्या वर्षी विल्यम विल्बरफोर्स आजारी होता. त्याच्या वतीने पंतप्रधान धाकटा पिट याने ९ मे रोजी गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न पुढील अधिवेशनात विचारात घेण्याचा ठराव मांडला. मधल्या काळात जहाजांवर माणसे मरतच राहणार, हे डॉल्बेनला सहन होईना. टेम्स नदीत सफरीसाठी सज्ज होत असलेले एक गुलामवाहू जहाज त्याने काही सभासदांसह स्वतः जाऊन पाहिले आणि २१ मे रोजी विधेयक मांडण्याची अनुमती मागितली. व्यापाराच्या न्याय्यतेचा वाद त्याने बाजूस ठेवला. जहाजावर किती माणसे कोंबावीत, एवढाच प्रश्न घेतला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी धंदा बुडेल अशी ओरड केली. उमरावांच्या सभागृहात लॉर्ड चान्सलर थर्लो याने विरोध केला. परंतु पिटने आपले वजन विधेयकामागे उभे केले व जुलैमध्ये कायदा संमत झाला.

त्यानुसार जहाजाच्या पहिल्या २०१ टनांपर्यंत दर तीन टनांस पाच व पुढे दर टनास एक, अशी गुलामांची कमाल संख्या ठरली. जहाजावर शल्यचिकित्सक नेमणे व त्याने मृत्यूंची नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले. मृत्युप्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिल्यास कप्तानाला १०० पौंड व शल्यचिकित्सकाला ५० पौंड पारितोषिक मिळे. माणसाच्या जिवाची किंमत मालाच्या नासाडीच्या हिशेबाने बांधणारी ही तरतूद त्या व्यापाराच्या स्वरूपावर पुरेसा प्रकाश टाकते. ‘ब्रुक्स’ या जहाजाला नव्या नियमाने ४५४ गुलाम नेता येत. पूर्वी त्याने सहाशेहून अधिक नेले होते. त्याचा आराखडा गुलामी व्यापारविरोधी समित्यांनी छापून वाटला. त्यात प्रत्येक पुरुषाच्या वाट्यास सु. ४० सेंमी. रुंदीची जागा आहे. सुधारलेली स्थितीही अशी होती, हेच त्या चित्राने लोकांना दाखविले.

नियमनामुळे हा व्यापार तत्त्वतः मान्य ठरेल, अशी भीती त्याच्या काही विरोधकांनाच वाटत होती व ती निराधार नव्हती. कायद्याची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली आणि १७९९ मध्ये जागेचे नियम अधिक कडक झाले. पुढील दशकात ब्रिटिश जहाजांवरील मृत्युप्रमाण घटले; त्याचे श्रेय कायद्याला किती द्यावे, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. शल्यचिकित्सकांच्या नोंदवह्या मात्र संशोधनाचे महत्त्वाचे साधन ठरल्या.

डॉल्बेनने पुढेही विल्बरफोर्सला पाठिंबा दिला. १८०६ मध्ये तो संसदेतून निवृत्त झाला. व्यापारबंदीचा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला, तेव्हा तो सभासद नव्हता.