मातीकामाचा तास आणि मातीची गढी

पाचवी ते सातवी आपल्याला कार्यानुभवात मातीकाम होतं. चाक नव्हतं. गोळा मळायचा, खडे वेचायचे, अंगठ्याने खोलगा पाडून वाटी करायची, नाहीतर मातीच्या वळ्या एकावर एक रचून सांधे बोटाने बुजवायचे. घटक चाचणी जवळ आली की हा तास हमखास गणिताला जायचा.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्यापर्यंत त्यातला आठवड्याचा एक तास पोचला, तोही असा.

गणितावर माझं पोट चालतं, तरी हा सौदा मला महाग वाटतो. आपल्या गावाचा सर्वांत जुना काळ कळला तो मुख्यतः खापरांवरूनच. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं. वर मराठेकाळ आणि मुस्लिम राजवट, खाली सातवाहन, तळाशी ताम्रपाषाणयुग. त्याच हंगामात त्यांनी संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खणलं. ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव तिथलंच. तिची भांडी चाकावर घडवलेली, तांबडी, काळ्या नक्षीची, काहींना तोटी. इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. वय सुमारे ३००० वर्षं! त्या लोकांना लिपी नव्हती.

खापर एवढं टिकतं, कारण साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती कितीही भिजवली तरी चिखल होत नाही. आपल्या वाट्या कधी भाजल्याच गेल्या नाहीत. खिडकीत वाळायच्या आणि वर्ष संपलं की बादलीत पडून पुढच्या वर्गाची माती व्हायच्या.

मेळाव्याच्या निधीतून संगणक घ्यावेत की डिजिटल फळा, यावर आपल्या व्हॉट्सअॅप गटात वाद रंगलाय. संगणकवाली मीच, म्हणून सांगते: आधी विजेची एक छोटी भट्टी घेऊ या. जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून कुणा जाणत्या कारागिराला मानधन देऊन बोलवू या. सहावी-सातवीच्या मुलांना स्वतःची वाटी भाजून घरी नेता येईल. आणि तो तास गणिताला देणार नाही, एवढं मुख्याध्यापकांकडून आधी कबूल करून घेऊ.