प्रीतीची पाठशाळा

मठ म्हटला की संसाराकडे पाठ फिरवलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ख्रिस्ती मठांबद्दलही बहुतेकांची हीच समजूत असते. उंच भिंती, मौन, अखंड प्रार्थना आणि जगापासून दूर गेलेले संन्यासी! मग मनात प्रश्न येतो की, ज्या धर्माचा सारा भर शेजाऱ्यावर प्रीती करण्यावर आहे, त्या धर्मात माणसांना सोडून जाणारे मठवासी निर्माण झालेच कसे? या मठांचा इतिहास चाळला तर उत्तर वेगळेच मिळते.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात काही ख्रिस्ती साधक एकएकटे राहू लागले होते. अशा साधकांना एकत्र आणून सामुदायिक मठाची घडी बसवली ती पाखोमियसने. हा जन्माने ख्रिस्ती नव्हता. तरुणपणी त्याला रोमन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. थीब्ज शहरात या नव्या शिपायांना कोंडून ठेवले असताना गावातले अनोळखी लोक त्यांच्यासाठी अन्न घेऊन आले. हे कोण, अशी त्याने चौकशी केली, तेव्हा ते ख्रिस्ती असल्याचे कळले. सैन्यातून सुटका होताच त्याने बाप्तिस्मा घेतला आणि इ.स. ३२०च्या सुमारास नाईलकाठी ताबेन्निसी येथे मठ स्थापन केला. मठजीवनाच्या मुळाशी परक्याने दिलेली भाकरी आहे ती अशी.

त्याच शतकात आजच्या तुर्कस्तानातील कैसरिया येथे बेसिल नावाचे बिशप होऊन गेले. एकांतवासाबद्दल त्यांचा आक्षेप अगदी साधा होता. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. एकटा राहणारा साधक कोणाचे पाय धुणार? बेसिल केवळ बोलून थांबले नाहीत. शहराबाहेर त्यांनी आजारी, कुष्ठरोगी आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली.

या विचाराला शिस्तीची चौकट दिली इटलीच्या संत बेनेडिक्ट यांनी. सहाव्या शतकात माँटे कॅसिनो येथे त्यांनी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली आणि मठाला चक्क शाळा म्हटले. या शाळेचा अभ्यासक्रम पाहण्यासारखा आहे. स्वयंपाकघराचे काम आठवड्याच्या पाळीने करायचे. पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. आजाऱ्याची सेवा सगळ्या कामांआधी. दारी आलेला पाहुणा हा साक्षात ख्रिस्त समजायचा आणि त्यातही गरिबाची अधिक काळजी घ्यायची. सर्वांत कठीण व्रत म्हणजे ज्या समुदायात प्रवेश केला, तिथेच मरेपर्यंत राहायचे. सोबतीला रागीट माणूस येवो की आळशी, निवडीची सोय नाही. प्रवचन ऐकून जे साधत नाही, ते अशा रोजच्या सहवासाने साधावे, ही त्यामागची दृष्टी. पुढे १०९८ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाने मठाला 'प्रीतीची पाठशाळा' असेच नाव दिले.

या शाळेची परीक्षा किती कठीण असू शकते, हे विसाव्या शतकात अल्जीरियात दिसले. राजधानी अल्जिअर्सच्या दक्षिणेला, डोंगरातील तिभिरीन या मुस्लिम वस्तीत याच पंथाच्या ट्रॅपिस्ट शाखेचा मठ होता. तिथले फ्रेंच मठवासी शेती करत, गावकऱ्यांना मदत करत. मठाच्या आवारातली एक जागा त्यांनी गावकऱ्यांना नमाजासाठी दिली होती. डॉक्टर असलेले ब्रदर ल्यूक १९४६ पासून तिथे विनामूल्य औषधोपचार करत. मठप्रमुख ख्रिस्तियाँ द शेर्जे १९५९ मध्ये फ्रेंच सैन्याचे अधिकारी म्हणून त्या देशात असताना मोहम्मद नावाच्या मित्राने त्यांचे प्राण वाचवले होते. दुसऱ्याच दिवशी त्या मित्राची हत्या झाली. हे ऋण शेर्जे कधी विसरले नाहीत.

१९९२ नंतर देशात यादवी पेटली. १९९३च्या नाताळच्या आदल्या रात्री सशस्त्र टोळी मठात शिरली आणि डॉक्टरांना सोबत पाठवा म्हणाली. शेर्जे यांनी नकार दिला. मात्र दवाखान्यात येईल त्या रुग्णावर उपचार होतील, असे सांगितले. टोळी परत गेली. निघून जाणे शक्य होते, पण गावकऱ्यांना मात्र जायला दुसरी जागा नव्हती. बराच विचारविनिमय करून मठवासीयांनी राहायचे ठरवले. त्याच सुमारास शेर्जे यांनी मृत्युपत्र लिहिले. त्यात आपल्या भावी मारेकऱ्याला त्यांनी आधीच क्षमा केली आणि आपल्या मृत्यूचा दोष अल्जीरियाला वा इस्लामला देऊ नये, अशी विनंती केली. मार्च १९९६ मध्ये सात जणांचे अपहरण झाले. ८२ वर्षांचे ल्यूकही त्यांत होते. मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची बातमी आली. ते नेमके कोणाच्या हातून मारले गेले, हा वाद मिटलेला नाही. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान शहरात चर्चने त्यांना धन्यवादित घोषित केले.

हे सातही जण त्या देशात परकेच होते. भाषा वेगळी, धर्म वेगळा, वर जुन्या राज्यकर्त्यांचे देशबांधव. तरीही शेजाऱ्याचे दुखणे हे आपले दुखणे मानायला ते शिकले होते आणि त्यासाठी त्यांनी शेजाऱ्याला आपल्यासारखे व्हायला सांगितले नाही. आपणही परमुलखात घर केलेली माणसे आहोत. आपले शेजारीही आपण निवडलेले नाहीत. मठाची व्रते आपल्यासाठी नसतील, पण त्या शाळेचा पहिला धडा गिरवायला कोणत्याही भिंतीआड जावे लागत नाही.