गुलाबी हम्मस आणि हरवलेलं नाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं. आजचा विषय तुमच्या फीडमध्ये नक्की येऊन गेलाय: पांढऱ्या बाऊलमध्ये गडद गुलाबी, केशरी, लाल रंगाचं काहीतरी, वर ऑलिव्ह तेलाचं तळं आणि खाली लिहिलेलं ‘रोस्टेड बीटरूट हम्मस’.

मीही केलं होतं ते. रविवारी दुपारी, यूट्यूब बघून. रंग असा आला की फिल्टर लावायची गरजच पडली नाही. सोमवारी टीमच्या ग्रुपवर फोटो टाकला. आमच्या टीममध्ये एकजण अम्मानहून काम करतो, घरचे मूळचे नाब्लुसचे. त्याचा रिप्लाय आला, ‘सुंदर दिसतंय. पण हे हम्मस नाही.’ मला वाटलं, झालं, आता पुरणपोळीत चॉकलेट घातल्यावर आपले लोक चिडतात तसं काहीतरी असणार. तर तसं नव्हतं. पुढचा मेसेज होता, ‘माझी आजी हे करते. याला स्वतःचं नाव आहे.’

मग मी त्या नावाच्या मागे लागलो आणि तीन रात्री गेल्या.

सुरुवात शब्दापासून करू. अरबीत ‘हुम्मुस’ म्हणजे हरभरा. बस, एवढंच. आपण ज्याला हम्मस म्हणतो त्याचं पूर्ण नाव ‘हुम्मुस बि-तहीना’, म्हणजे तहीना घातलेले हरभरे. आणि ‘तहीना’ हा शब्द ज्या धातूवरून आलाय त्याचा अर्थ दळणं. थोडक्यात, तिळाचं कूट, फक्त पातळ होईपर्यंत वाटलेलं. त्यामुळे हरभरा न घालता नुसत्या बीटच्या वाटणाला कोणी हम्मस म्हटलं, की अरबी माणसाला ते शेंगदाण्याशिवाय केलेल्या दाण्याच्या चटणीसारखं ऐकू येतं. माझ्या बाऊलमध्ये हरभरे होते, पण चमचाभरच. बाकी सगळं बीट.

आता गंमत बघा. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आजही फक्त आग्नेय तुर्कस्तानात सापडतो. तिथे साधारण दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने हरभरा पेरायला सुरुवात केली. तिथून तो इकडे आला, सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांमध्ये त्याचे दाणे सापडलेत. तिळाचा प्रवास बरोब्बर उलटा. तीळ आपल्या उपखंडातला. त्याचा रानटी भाऊबंद आजही भारतात उगवतो. हडप्पाच्या उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ मिळाले, आणि पुढे तीळ मेसोपोटेमियात पोचला. म्हणजे हम्मसच्या वाटीत दोन प्रवासी आहेत, एक तिकडून इकडे आलेला, दुसरा इकडून तिकडे गेलेला, आणि दोघं कुठेतरी वाटेत एकमेकांना क्रॉस झाले असणार. आपण त्या तिळाचे लाडू केले, हरभऱ्याचं पिठलं केलं. दोन्ही एकत्र वाटून खायचं मात्र आपल्याला सुचलं नाही. हे मला अजूनही थोडं लागतं.

कागदावरचा पुरावा बराच नंतरचा. मामलुक राजवटीतल्या कैरोमध्ये, चौदाव्या शतकाच्या आसपास, एक जाडजूड पाककृतींचा ग्रंथ तयार झाला: ‘कन्झ अल-फवाइद’. नवल नसरल्ला यांनी तो इंग्रजीत आणला, २०१७ साली. त्यात हरभऱ्याचं एक थंड वाटण आहे. शिजवलेले हरभरे कुटायचे, त्यात व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि तहीना. इथपर्यंत ओळखीचं वाटतं ना? पुढे ऐका. मिरी, पुदिना, पार्स्ली, अक्रोड, पिस्ते, बदाम, दालचिनी, भाजलेले मसाले, मिठात मुरवलेलं लिंबू. हे सगळं कालवायचं आणि रात्रभर ठेवायचं.

मी हे वाचून खुर्चीत मागे टेकलो. कारण माझ्या डोक्यात असं होतं की ‘मूळ’ हम्मस म्हणजे साधं, फिक्कं, चार जिन्नसांचं, आणि रंगीबेरंगी प्रकार म्हणजे इन्स्टाग्रामच्या पिढीने केलेला भ्रष्टाचार. पण सगळ्यात जुन्या पाककृतींपैकी ही एक हिरवट, मसालेदार आणि सुक्यामेव्याने गच्च भरलेली आहे. त्यात लसूण नाही. आज लसणाशिवाय हम्मस दिलं तर बैरुतमध्ये लोक परत पाठवतील. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो तेच नंतरचं व्हर्जन आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनो, तुम्हाला हे समजेल: जो कोड सगळ्यात स्वच्छ दिसतो तो क्वचितच पहिला असतो.

मग भाजलेल्या भाज्यांचं काय? तर तीही परंपरा तिकडे आहेच, फक्त वेगळ्या नावांनी. वांगं आधी घेऊ. आगीवर भाजायचं, साल काढायची, गर तहीना, लिंबू, लसूण घालून घोटायचा: हे मुतब्बल. खानदेशातल्या कुणाला दिलं तर ‘भरितात तीळ कोणी घातले?’ असं विचारेल, पण खाईल. वांगंही आपल्याच भागातून तिकडे गेलं, आणि सोबत नावही घेऊन गेलं. संस्कृत ‘वातिंगण’पासून फारसी ‘बादिंगान’ झालं, त्यावरून अरबी ‘बाझिंजान’. मराठी ‘वांगं’ त्याच घरातलं. त्यामुळे दमास्कसचं मुतब्बल आणि जळगावचं भरीत यांचं नातं नुसतं चवीचं नाही, आडनावाचंही आहे.

लाल रंग हवा असेल तर अलेप्पोचं मुहम्मरा. भाजलेली लाल मिरची, अक्रोड, पावाचा चुरा, डाळिंबाचा आटवलेला रस. नावाचा अर्थच ‘लाल केलेलं’. ‘अस्सल प्राचीन’ म्हणून हे मिरवतात, पण मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्याआधी अलेप्पोत मिरची असणं शक्यच नव्हतं. लाल भोपळ्याचंही तेच. केशरी गाजर तर त्याहून मजेशीर: गाजर मुळात मध्य आशियातलं, पण जांभळं आणि पिवळं. केशरी गाजर युरोपात, विशेषतः डच लोकांकडे, सोळाव्या-सतराव्या शतकात रुळलं.

आणि माझं गुलाबी? त्याचं नाव ‘मुतब्बल शवंदर’. शवंदर म्हणजे बीट. हिंदीतलं ‘चुकंदर’ आठवा, दोन्हींची आजी एकच, फारसी. बीट भाजून किंवा उकडून, तहीना, लिंबू, लसूण, कुणाकडे दही. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईनमध्ये घरोघरी होतं. सुपरमार्केटने शोध लावण्याची वाट बघत ते बसलं नव्हतं.

हा मुद्दा मला खरा बोचला, कारण तिकडे खाण्याच्या नावावरून खरंच भांडणं झालीत. ऑक्टोबर २००८ मध्ये लेबनॉनच्या उद्योजक संघटनेने जाहीर केलं की हम्मस हा लेबनीज पदार्थ म्हणून युरोपीय संघाकडे नोंदवून घेणार. संदर्भ होता ग्रीसच्या फेटा चीजचा, त्याला २००२ मध्ये तसं संरक्षण मिळालं होतं. राग इस्रायली कंपन्यांवर होता, ज्या हम्मस आपलं राष्ट्रीय खाणं म्हणून जगभर विकत होत्या. पुढे जे झालं ते थोडं हास्यास्पद आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये बैरुतमध्ये २,०५५ किलो हम्मस करून गिनीज विक्रम. जानेवारी २०१० मध्ये जेरुसलेमजवळच्या अबू घोशमध्ये चार टनांहून जास्त, सॅटेलाइट डिशमध्ये ओतून. मे २०१० मध्ये लेबनॉनने ३०० आचारी लावून १०,४५२ किलो केलं. हा आकडा का? कारण देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे! बाय द वे, अबू घोश हे इस्रायलमधलं अरब गाव आहे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या घोटणाऱ्यांमध्ये अरबी बोलणारे होते, आणि बातम्यांमध्ये हेडलाइन ‘लेबनॉन विरुद्ध इस्रायल’. हम्मसला युरोपीय संघाचा तो शिक्का काही मिळाला नाही.

मला विचाराल तर एका देशाच्या नावावर हम्मस करणं चुकीचंच ठरलं असतं. ज्या काळात हे पदार्थ घडले तेव्हा आजच्या सीमा नव्हत्याच. पण ‘खाणं सगळ्यांचं असतं, सोडून द्या’ हे वाक्यही मला पटत नाही. ते बोलणं सोपं असतं त्याला, ज्याचं गाव जागेवर आहे. ज्या माणसाला आजीच्या गावी जायला परवानगी लागते, त्याच्याकडे गावाचं म्हणून उरलेलं असतं ते ताटात. त्या ताटाचंही नाव बदललं की राग येणारच.

क्लॉडिया रोडन यांची गोष्ट यासाठीच सांगतो. जन्म कैरोचा, १९३६ चा, ज्यू कुटुंब, पूर्वज अलेप्पोचे. १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर आईवडिलांना इजिप्त सोडावा लागला. त्या तेव्हा लंडनमध्ये शिकत होत्या. इजिप्तमधून निघालेले लोक भेटले की एकमेकांकडे पाककृती मागायचे, कारण पुन्हा भेट होईल की नाही माहीत नव्हतं. रोडन यांनी त्या लिहून घेतल्या, आणि १९६८ मध्ये त्यांचं मध्यपूर्वेच्या खाण्यावरचं पुस्तक आलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हम्मस त्या पुस्तकातून शिरलं. अरब जगातलं खाणं, तिथून बाहेर पडावं लागलेल्या ज्यू बाईने जपलेलं. हे कुठल्या झेंड्याखाली बसवणार तुम्ही?

आता करायचं कसं, कारण मेसेज त्याचेच येणार आहेत.

एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवा. शिजवताना अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. सोड्याने पाणी अल्कलाईन होतं, सालीतलं पेक्टिन सुटतं आणि चणे लोण्यासारखे होतात. हम्मस खरखरीत होतं ते मिक्सरमुळे नाही, कमी शिजलेल्या चण्यांमुळे. तहीना विकत महाग पडतो. पांढरे तीळ मंद आचेवर जेमतेम गरम करा, रंग बदलू देऊ नका नाहीतर कडवट होतं, आणि थोडं तेल सोडत वाटत राहा. मिक्सर तापला की थांबा, माझा एकदा बंद पडलाय.

बीट सालासकट फॉइलमध्ये गुंडाळून २०० अंशांवर तासभर. ओव्हन नसेल तर जाड कढईत झाकण ठेवून मंद आचेवर, अधूनमधून फिरवत. उकडलं तरी चालतं, पण कापून उकडू नका, सगळा रंग पाण्यात जातो. बीटच्या रंगाला आंबट मानवतं, त्यामुळे लिंबू पिळायला हात आखडू नका. गाजराचा रंग उलट तेलात विरघळणारा, तहीनासोबत तो सगळीकडे पसरतो. गाजर मात्र कापून, तेल लावून, कडा काळपट होईपर्यंत भाजायचं.

आधी तहीना, लिंबू, लसूण, मीठ फिरवा, मग चमचा चमचा बर्फाचं पाणी. मिश्रण आधी घट्ट होऊन घाबरवेल, मग एकदम पांढरं आणि हलकं होईल. त्यात चणे. शेवटी एका बीटचा गर. चणे जास्त असतील तर बिनधास्त बीटचं हम्मस म्हणा. बीट जास्त असेल तर ते मुतब्बल शवंदर.

परवा मी दुसऱ्यांदा केलं, या वेळी चणे अजिबात न घालता. फोटो टाकला, खाली नाव नीट लिहिलं, अरबी लिपीत, कॉपी-पेस्ट करून का होईना. अम्मानहून दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘आजीला दाखवलं. ती म्हणते, लसूण कमी आहे.’

फोटोवरून!