क्लॉड बॅटली : मोजपट्टी हाती देणारा इंग्रज

क्रांती चौकात उभं राहून एका इंग्रजाबद्दल आदराने बोलायचं, म्हणजे जरा अवघडच. 1857 च्या जूनमध्ये इथल्या घोडदळातले शिपाई उठले आणि ज्या काळ्या चबुतऱ्यावर त्यांतल्या काहींना देहदंड झाला, तो हाच परिसर. योगायोग पाहा, त्याच 1857 साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. आपला आजचा माणूस त्या शाळेतला.

क्लॉड बॅटली यांचा जन्म 1879 चा, इंग्लंडमधल्या इप्सविचचा. 1913 मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि ग्रेगसन, बॅटली अँड किंग या वास्तुसंस्थेचे भागीदार झाले. 1930 चं मुंबई सेंट्रल स्थानक त्यांचंच. मलबार हिलवर बॅरिस्टर जिनांसाठी त्यांनी 1936 मध्ये बंगला बांधला; आत इटालियन संगमरवर, अक्रोडाचं लाकूडकाम. 1944 च्या सप्टेंबरमध्ये गांधी आणि जिना यांची बोलणी झाली ती याच घरात.

पण आमच्या मते त्यांचं मोठं काम बांधण्याचं नाही, शिकवण्याचं. सुमारे वीस वर्षे ते जे. जे.च्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींपुढे जावं, टेप लावून मोजावं, मग कागदावर उतरवावं, हा त्यांचा आग्रह. भारतीय वास्तूंच्या अशा मोजून काढलेल्या आराखड्यांचा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला.

आता प्रश्न असा, की परंपरा म्हणजे नक्कल का? आपल्या बीबीच्या मकबऱ्याकडे बघा. ताजची नक्कल म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ. पण ताज सबंध संगमरवरी. इथे संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, बाकी आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. खर्च सुमारे 6 लाख 68 हजार रुपये. कल्पना आग्ऱ्याची, उत्तर मात्र इथल्या दगडाचं आणि इथल्या ऐपतीचं. आम्ही परंपरा म्हणतो ती हीच : जुनं रूप नव्हे, जुनी समजूत.

याचा दाखला त्यांच्याच वर्गात मिळतो. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे 1942 मध्ये जे. जे.मधून बाहेर पडले, हार्वर्डला ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि परतून आयआयटी कानपूरसारखं उघड्या काँक्रीटचं काम केलं. दिसायला गुरूच्या अगदी उलट! पण ऊन, वारा, सावली यांचा विचार त्यात आहेच. शिष्य गुरूसारखा दिसला नाही तरी चालतं. त्याने बघायला शिकलेलं असलं म्हणजे झालं.

आणि या बघण्याच्या बाबतीत आम्ही स्वतः नापास आहोत, हे कबूल करतो. आमचा वडिलोपार्जित वाडा पाडला तेव्हा आम्ही वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवत होतो. ओसरी किती खणांची होती, चौकाची लांबीरुंदी काय, तुळया कशाच्या, आज विचाराल तर सांगता येत नाही. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट होती, साधी टेप नव्हती.

इंग्रजी राज्याचा हिशेब वेगळा; तो या चबुतऱ्याने मांडलेला आहे आणि तो पुसायचा नाही. पण 1947 नंतरही बॅटली मुंबईतच राहिले, 1956 मध्ये तिथेच वारले. हिशेबाच्या वहीत हीही एक नोंद असू द्यावी.

पैठण गेटकडून गुलमंडीकडे जाताना गल्लीबोळांत अजून काही जुनी घरं उभी आहेत. सगळी वाचणार नाहीत, हट्टही नाही. पण पाडण्याआधी एक रविवार, दोन मुलं, एक टेप आणि एक वही, एवढं तरी करू या. घर गेलं तरी त्याची समजूत हातात राहील.